मोर्चातला पाळणा

पुण्यात तेरडा विकत घ्यावा लागतो, याचा मला अजून राग येतो. रबर लावलेल्या चार काड्या, त्यातल्या दोन मान टाकलेल्या, आणि वर फुलवाली म्हणते, "घ्या ताई, फ्रेश आहे." तेरडा म्हणजे ओढ्याच्या काठाला, बांधाला, गटाराच्या कडेला कुणीही न लावता माजणारी चीज. बोंडाला नुसतं बोट लावलं की ते तडकतं आणि बी उडून गालावर येतं. ते विकायला मांडलेलं बघितलं की कुणीतरी पंचगंगेचं पाणी बाटलीत भरून विकतंय असं वाटतं. तरी घेते. सप्टेंबर आला की घेतल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या इथल्या चर्चमध्ये सप्टेंबरात नऊ दिवस मारिया माउलीच्या जन्मदिवसाची नोव्हेना असते. प्रार्थना झाली की पोरं रांगेनं पुढं जाऊन बाळ मारियेच्या मूर्तीवर फुलं उधळतात. माझी मुलगी जाते ती गुलाबाच्या पाकळ्यांची तयार पिशवी घेऊन. परवा तिला मी तेरडा देऊ केला, तर म्हणते, "मम्मी, हे गवत आहे." व्हय बाई, गवतच आहे. तुझी आई त्याच गवतावर वाढली.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा लेथवर कामाला, आई आजऱ्याची. आजऱ्याच्या भागात आमच्या ख्रिस्ती लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती आहे, त्यामुळं आईच्या बोलण्यात निम्मा वेळ देव असायचा आणि निम्मा वेळ तांदूळ. मारियेच्या सणाला मामा एसटीनं नव्या भाताच्या लोंब्या घेऊन यायचा. लवकर येणाऱ्या हळव्या भाताच्या असत, दाणा जेमतेम दुधावर आलेला. फादर त्यांच्यावर आशीर्वाद मागायचे, मग आई घरी येऊन ते दाणे ठेचून नारळाच्या दुधात घालायची आणि घरातल्या प्रत्येकाला घोटभर द्यायची. त्या दुधाला कच्च्या भाताचा, ओल्या खाचराचा वास असायचा. एक वाटी भिंतीपलीकडं आक्काच्या घरी जायची, आणि ती घेऊन जायचं काम माझं.

आक्का म्हणजे आमची शेजारीण. बाई उभी राहिली की गल्ली अरुंद व्हायची. आणि शैलावहिनी तिची सून, हुपरीची. हुपरीत घरोघरी चांदीचं काम, तिथं वहिनी लग्नाआधी पैंजणाच्या कड्या जोडायची. बोटांच्या टोकांना भाजल्याचे बारीक डाग होते. हसायची तेव्हा तोंडावर पदर घ्यायची, पण आवाज काही पदरात मावायचा नाही. दोन मुली तिला, राणी आणि पिंकी. मी एकुलती एक, त्यामुळं त्या घरात मी जेवढी वाढले तेवढी आमच्या घरात वाढले नसेन.

सप्टेंबरात तेरड्याला दोन गिऱ्हाइकं असायची, आक्काची गौर आणि आमची मारिया. कोल्हापुरात गौर म्हणजे तेरडाच की. मुळासकट उपटायचा, मुळं म्हणजे गौरीची पावलं. वहिनी, मी आणि त्या दोन पोरी उजाडता उजाडता कळंब्याच्या रस्त्याला जायचो. ओल्या मातीत पाय रुतायचे, चपला हातात घ्यायच्या. वाटणी वहिनी करायची. "मुळासकट ती गौरीची. नुसती फुलं ती तुमच्या बाळीची." बाळी म्हणजे बाळ मारिया. देवाच्या आईला कुणी बाळी म्हणावं, हे फादरांना पटलं नसतं. आईला मात्र फार आवडायचं. मग पिंकी तिच्या वाट्याची फुलं मुठीत घेऊन माझ्याबरोबर चर्चमध्ये यायची आणि आमच्या पोरांच्या रांगेत घुसून उधळून यायची. कुणी विचारलं नाही, तू कोणाची म्हणून.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. एका सप्टेंबरात गौरी आणि मारियेचा सण अगदी लागून आले. मी कॉलेजात होते. वहिनीला चौथा महिना लागला होता.

आक्का म्हणायची, "ह्या खेपंला बघून घ्यायचं." बघून घ्यायचं म्हणजे काय, ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. गावातल्या सोनोग्राफीच्या मशीनवाल्यांवर तेव्हा जरा धाक बसला होता, म्हणून लोक सीमेपलीकडं कर्नाटकात जायचे. सकाळच्या एसटीनं जायचं. मुलगा असला तर परत येताना पेढे, आणि मुलगी असली तर बाई दोन दिवसांनी परतायची आणि तिला कावीळ झाली म्हणून सांगायचं. आमच्या गल्लीत कावीळ फार व्हायची. आक्कानं ठरवून टाकलं होतं, गौरी जाऊ देत, मग जाऊ.

आईनं वहिनीला विचारलं होतं, माझ्यासमोर, आमच्या स्वयंपाकघरात. "शैला, तुला काय पायजे?"

वहिनी कपातल्या चहावरची साय बोटानं बाजूला करत म्हणाली, "मला कोण इचारतंय, मावशी?"

"मी इचारतोय की."

वहिनी चहा तसाच ठेवून गेली.

त्याच सुमाराला गावात लेकी वाचवण्यासाठी मोर्चा निघायचं ठरलं. महिला मंडळं, कॉलेजं, सगळी एकत्र आली, आणि आमच्या फादरांनी रविवारच्या मिस्सेनंतर जाहीर केलं की आपलं चर्चही चालणार. फादर नवे, मंगळूरकडचे. मराठी इतकं शुद्ध बोलायचे की आक्कासारखीला समोर परका माणूस बोलतोय हे पहिल्या वाक्यात कळावं. फादरांचं म्हणणं, आईच्या पोटातलं प्रत्येक मूल देवाचं, मुलगी असो की मुलगा. तयारीच्या बैठकीत मोर्चाच्या समितीच्या बाई म्हणाल्या, "फादर, विषय मुलींचा आहे, तो पसरवू नका. बाईचाही तिच्या शरीरावर हक्क असतो, तो आम्ही सोडणार नाही." दोघंही ताठ. बैठक मोडायच्या बेतात आली तेव्हा आई उठून म्हणाली, "बाई, तुमची पाटी तुम्ही धरा, आमची आम्ही धरतो. रस्ता तर एकच हाय." तेवढ्यावर निभावलं.

पाळण्याची कल्पना फादरांची. हातगाडीवर लाकडी पाळणा बांधायचा, रिकामा, आणि तो सगळ्यांत पुढं न्यायचा.

"फादर, रिकामा पाळणा हलवत नाहीत," आई म्हणाली.

"फिलोमिनाबाई, ही अंधश्रद्धा आहे. आणि रिकामा आहे म्हणूनच तो बोलेल."

"बोलंल की. पण काय बोलंल ते तुम्हाला ठाऊक न्हाई," आई म्हणाली आणि गप्प बसली. फादरांपुढं गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण झग्याचा मान राखायची.

मोर्चाच्या दिवशी आमच्या लोकांनी जी तऱ्हा केली, ती आठवून मला आजही एकटीला हसू येतं. आम्हाला मिरवणूक ठाऊक, मोर्चा ठाऊक नाही. त्यामुळं आमची माणसं दोन सरळ रांगांत, इस्त्रीचे कपडे घालून, खाली मान घालून चालू लागली. सोबत आलेल्या कॉलेजच्या पोरी कंटाळून म्हणाल्या, "अहो, घोषणा तरी द्या." मग एका पोरीनं ओरडून सुरुवात केली, "लेकी वाचवा!" आणि मागून आमच्या म्हाताऱ्या बायका, मारियेच्या प्रार्थनेला उत्तर द्यायची आयुष्यभराची सवय, एका सुरात उत्तरल्या, "आम्हांसाठी विनंती कर." पोरगी थांबून मागं बघायला लागली. फादरांनी कपाळाला हात लावला. मी बाबांच्या पाठीमागं तोंड लपवून हसत होते. पण पुन्हा पुन्हा तसंच झालं आणि थोड्या वेळानं त्या पोरीही त्याच चालीवर म्हणायला लागल्या.

चर्चपासून मोठ्या रस्त्याला लागायचं तर आमच्या गल्लीच्या तोंडावरून जावं लागतं आणि कोपऱ्यावर आक्काचं घर. रस्त्याला खड्डे. गाडी आदळली की पाळणा झुलायचा, कड्या कुरकुरायच्या. त्या संध्याकाळी गौर यायची होती. आक्का दारात रांगोळी घालत बसली होती. तिनं मान वर केली, पाळणा बघितला, आणि रांगोळीचा डबा तिथंच ठेवून रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"ओ पावणं," ती फादरांना म्हणाली, "रिकामा पाळणा हालवत कुटं निघालायसा? पोटुशी बाई हाय माझ्या घरात."

फादर समजावायला लागले, "आजी, आम्ही त्या मुलींसाठीच…"

"ते काय आसंल ते आसू दे तुमचं. आदी थांबवा त्यो."

मोर्चा थांबला. मागून ढोलवाले विचारायला लागले, काय झालं म्हणून. आक्का घरात गेली आणि वरवंटा घेऊन आली. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला न्हाऊ घालून पाळण्यात ठेवतात ना, तसा. आत्ताच चटणी वाटलेली असावी, ओल्या खोबऱ्याचा वास येत होता. वर पिंकीची जुनी कुंची गुंडाळलेली. तिनं तो दोन्ही हातांनी पाळण्यात निजवला, कुंची सारखी केली, आणि म्हणाली, "आता न्या कुटं न्यायचा त्यो."

वहिनी उंबऱ्यात उभी होती. एक हात चौकटीला, एक पोटावर. सगळी गल्ली हसत होती, ती हसली नाही.

मग आम्ही वरवंटा घेऊन चाललो. बिंदू चौकात लोक वाकून पाळण्यात बघायचे, बाळ आहे वाटून, आणि दगड दिसला की मागं सरायचे. आमच्या रांगेतल्या बायका मात्र खड्डा आला की न सांगता पाळण्याला हात लावायच्या. एकीनं तर उन्हासाठी वर छत्री धरली. फादर ते बघत होते. त्या दिवशी दसरा चौकात त्यांना भाषण करायचं होतं, ते त्यांनी दोन वाक्यांत आटपलं.

संध्याकाळी आई वरवंटा परत द्यायला गेली, मीही गेले. आक्काच्या घरात गौर बसली होती. तेरड्याच्या त्या भाऱ्याला मुखवटा, हिरवी साडी, पुढं भाजी-भाकरीचा नैवेद्य. पोरी खेळत होत्या. आईनं वरवंटा जागेवर ठेवला आणि आक्काच्या शेजारी बसली.

"आक्का, पाळणा रिकामा हालला तर कुणाला बाधलं आसतं?"

"पोटातल्याला. आनि कुणाला?"

"आनि ती पोरगी आसंल तर?"

"आसंल तरी…" आक्का बोलता बोलता थांबली. आई काय विचारतेय ते तिच्या ध्यानात आलं. मग ती चिडली नाही, हे मला विशेष वाटलं. हळू बोलली. "फिलू, मला चार पोरी झाल्या, मग ह्यो पोरगा झाला. चारी खेपंला सासूनं मला ताट दिलं न्हाई. भाकरी लांबनं टाकायची. ते हिच्या वाट्याला याय नगो म्हनून करतोय मी. तुला ते कळायचं न्हाई."

आई म्हणाली, "तुझी सासू मेली की, आक्का. आता वाढणारी तूच हायस."

आक्का गौरीकडं बघत बसली. आई उठली. बाहेर आल्यावर मला वाटलं, झालं, आईनं जिंकलं. मी त्या रात्री खरंच खूश होते.

गौरी गेल्या, आणि वहिनीला कावीळ झाली.

काय झालं, कोण काय बोललं, वहिनी गेली की तिला नेली, मला ठाऊक नाही. विचारायची सोय नव्हती. भिंतीपलीकडून तिचं हसणं बंद झालं एवढंच. पोरी आमच्याकडं जेवायच्या आणि आईकडं न बघता जेवायच्या. आई अंथरुणावर बसून जपमाळ ओढायची आणि मधेच थांबायची. मग एका सकाळी उठून तिनं आळीव भिजत घातले, ओवा भाजला, खोबरेल कोमट केलं आणि भिंतीपलीकडं गेली.

आक्का दारात आडवी आली. "फिलू, बाळंतीण न्हवं ती."

"मग कोण हाय?" आई म्हणाली.

आक्का बाजूला झाली. आईनं वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन तेल जिरवलं, पोटाला जुनं लुगडं घट्ट बांधलं, शेक दिला, खीर भरवली. रोज. सव्वा महिना होईपर्यंत.

मला ते सहन होत नव्हतं. मी उन्हात पाटी धरून चालले होते, आणि वहिनीनं असं करावं, याचा मला राग होता. आईला तसं म्हणाले. "तू मोर्चात चाललीस, आणि आता तिलाच खीर भरवतेस?"

आई भांडं विसळत होती. "मोर्चा तिच्यासाठीच होता की," ती म्हणाली. "तिला सोडून कुणासाठी चालायचं?"

हे वाक्य मी नंतर पुष्कळ ठिकाणी शोधलं. इथल्या, पुण्याच्या चर्चचाही असा मोर्चा निघतो, मोठा असतो, टी-शर्ट असतात, पाण्याच्या बाटल्या असतात, मी दरवर्षी चालते. विश्वासानं चालते, त्यात खोट नाही. पण आजूबाजूच्या इमारतींच्या बंद खिडक्या बघत चालते. कोण आहे त्या काचांमागं, कुणाला आज काय ठरवायचंय, कुणाची कावीळ नुकतीच बरी झालीय, मला एकाही दाराचं ठाऊक नाही. इथं कुणी रस्त्यात येऊन मोर्चा अडवत नाही. त्याची मला फार आठवण येते.

आई गेली. आक्काही गेली. ते घर विकलं, आता तिथं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वहिनी कबनूरला असते, राणीच्या घरी, यंत्रमागांच्या खडखडाटात. फोन केला तर दोन्हीकडून ओरडून बोलावं लागतं आणि ओरडून बोलण्यासारखं आमच्यात काही नाही. कधीकधी मला वाटतं, तो सप्टेंबर परत मिळावा. पण सगळा नको. गौर यायच्या दिवशी दुपारपर्यंतचाच. मोर्चा थांबलेला आहे, आक्का आत गेलीय, अजून बाहेर आलेली नाही, आणि वहिनी उंबऱ्यात उभी आहे, पोटावर हात ठेवून. तिथं सगळं थांबावं. ती तशी उभी असेपर्यंत घरात तीन पोरी आहेत.

त्या सप्टेंबरानंतर पुढच्या वर्षी मोर्चा पुन्हा निघाला होता. या वेळी फादर स्वतः आईकडं आले, पाळण्याचं काय करू विचारायला, आणि बाळ मारियेची मूर्ती त्यात ठेवून आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडावर वहिनी उभी होती, हिरव्या साडीत, दोन्ही हातांना दोन पोरी. कुणी बोलावलं नव्हतं. ती येऊन आमच्या रांगेत आईच्या शेजारी चालू लागली. मागून आक्का, "मी नुसतं बघाय आलोय" असं न विचारता सगळ्यांना सांगत. वाटेत वहिनी आमच्या बायकांच्या विनंत्या त्यांच्याबरोबर म्हणत होती.

दसरा चौकात मंडप होता. नुसत्या मुली असलेल्या आयांचा सत्कार चालला होता, नारळ आणि खण. समितीच्या बाईंनी वहिनीच्या दोन्ही पोरी बघितल्या आणि तिला हाताला धरूनच वर नेलं. ती जाईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. नारळ देऊन झाल्यावर बाईंनी माईक तिच्यापुढं धरला. "सांगा ताई, किती मुली तुम्हाला?"

वहिनीनं खाली आमच्याकडं बघितलं. आईकडं नाही, आक्काकडं.

"तीन," ती म्हणाली.

"बघा, तीन-तीन मुली, आणि चेहऱ्यावर किती समाधान," बाई माईकवर म्हणाल्या. "या माउलीसाठी जोरदार टाळ्या!" अख्खा चौक वाजवायला लागला. पोलिसांनीही वाजवल्या. आमच्या दोन रांगांत कुणाचा हात हलला नाही.

आक्कानं आईचा दंड धरला. "फिलू," ती म्हणाली, "मला जरा खाली बसीव."

आईनं तिला धरून तिथंच डांबरावर बसवलं आणि स्वतःही बसली. टाळ्या अजून चालूच होत्या.